चाचणीची कॉपी

"हे कार्ड तुमचंच ना?" फौजदार बाईंनी कागद टेबलावरून पुढे सरकवला.

मृणालीचंच होतं. आधारवरचा फोटो कुणाचाच चांगला येत नाही, तसा तिचाही आला नव्हता. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं बरोबर होतं.

"माझंच."

"या कॉपीवर कुणीतरी सिमकार्ड घेतलंय. त्या नंबरवरून यांना फोन गेला."

यांना म्हणजे बिल्किसभाभींना. त्या बाकावर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. कचेरीसमोरच्या मृणालीच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या पंधरा वर्षं येत होत्या. परवा त्यांच्या फोनवर नवा नंबर आला आणि त्याखाली मृणालीचं नाव उमटलं; सिम ज्याच्या नावावर, त्याचं नाव आता फोनवर दिसतं. बाईचा आवाज म्हणाला, पासबुकाची कॉपी बँकेनं परत पाठवलीय, मेसेजमध्ये आलेला नंबर सांगा. भाभींनी सांगितला. त्यांच्या मुलाने, फुजैलने, चार वर्षं कुवेतहून पाठवलेलं सगळं पाच मिनिटांत गेलं.

"आवाज तुजा नव्हता, ते आता कळतं," भाभी म्हणाल्या. "पन नाव तुजं होतं गो. मी नावाला सांगितलं."

मृणालीची नजर मात्र कागदावरून हलेना. कार्डाच्या डाव्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ होती. ती रेघ तिच्या मशीनची होती. गेल्या हिवाळ्यात आतल्या ड्रमला ओरखडा पडला आणि नवा येईपर्यंत दोन महिने प्रत्येक कॉपीवर ती रेघ उमटत राहिली.

सकाळी दुकान उघडलं की शाई नीट पडते का ते बघायला एक कॉपी काढावी लागते. गिऱ्हाइकाचा कागद कशाला वापरायचा, म्हणून ती रोज स्वतःचं आधार कार्ड काचेवर ठेवायची. कॉपी काढायची, उजेडात धरून बघायची आणि रद्दीच्या खोक्यात टाकायची. लोकांच्या बिघडलेल्या कॉप्याही त्याच खोक्यात जात, वर नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी टाचलेली तशीच. मार्च उजाडला की पालीचा बाबू यायचा, आंब्याच्या पेट्यांत घालायला सगळी रद्दी न्यायचा आणि बदल्यात हापूसची एक पेटी ठेवून जायचा. त्या पेट्या पुढे कुठे उघडतात, कोण बघायला गेलंय! त्यातले डझनभर आंबे दर वर्षी भाभींकडेही जायचे.

"तुमचीही फसवणूकच आहे ही," फौजदार बाई म्हणाल्या. "तक्रार द्या. आधार लॉक करून घ्या. आणि यापुढे कुणालाही कॉपी दिलीत की कशासाठी दिली ते तिच्यावर लिहा, तारीख घाला, सही करा."

"हो," मृणाली म्हणाली. नेमकं हेच तिने मोठ्या अक्षरांत छापून दुकानात लावलं होतं. न लिहिणाऱ्यांना ती फैलावर घ्यायची आणि त्यासाठी कचेरीच्या आवारात थोडी बदनामही होती.

तिने तक्रार लिहिली, सही केली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. रडूही आलं नाही. ती बाहेर आली, तेव्हा भाभी फाटकापाशी रिक्षाची वाट बघत होत्या. त्यांच्या शेजारून मान खाली घालून निघून जाता आलं असतं.

"भाभी, ते कागद माझ्याच दुकानातनं गेले."

"म्हंजे?"

"रद्दीतनं. माझं कार्ड, तुमच्या पासबुकाची कॉपी, तुमच्या नंबराची चिठ्ठी. मीच दिली बाबूला. आंब्यासाठी."

भाभी रिक्षाला हात करायच्या विसरल्या. रिक्षा आली, थांबली आणि दुसरं गिऱ्हाईक घेऊन गेली.

"मंग आत का नाय बोललीस?"

"भ्याले."

"चल. आता बोल."

दोघी परत आत गेल्या. फौजदार बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पुरवणी जबाब लिहिला आणि पुढे काय करायचं ते वरिष्ठ ठरवतील म्हणून सांगितलं. मृणालीने पुन्हा सही केली. तिला लाज वाटत होती, पण तीही लांबून, दात काढल्यावर बधिर झालेल्या गालाला हात लावावा तशी.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर बातमी तिच्या आधीच कचेरीत पोहोचलेली. रोजचे दोन वकील मान वळवून पुढच्या दुकानात गेले. अकराच्या सुमारास भाभी आल्या. बँकेच्या अर्जाला पासबुकाची कॉपी जोडायची होती. एरवी त्या कागदांची पिशवी काउंटरवर टाकून मासळी बाजारात जायच्या आणि परतताना घेऊन जायच्या. मृणालीने सवयीने हात पुढे केला.

भाभींनी पिशवी दिली नाही. काउंटरची फळी उचलून त्या आत आल्या, मशीनचं झाकण उघडलं आणि पासबुक स्वतःच काचेवर ठेवलं. ते वाकडं ठेवलं गेलंय हे मृणालीला दिसत होतं. तिने ते सरळ केलं नाही.

"बटण तेवढं तू दाब," भाभी म्हणाल्या. "मना येत नाय."

तिने दाबलं. कॉपी तिरकी आली, खालची एक ओळ कापली गेली. भाभींनी ती तशीच उचलली, घडी करून पासबुकात घातली.

"भाभी, ही बँकेत चालायची नाही. दुसरी काढून देऊ?"

"नको," भाभी म्हणाल्या. "मंग ही उरेल."