चष्मा विसरणारा क्लिफ

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे आणि स्वभावाने फार जळकुटे आहे. आधीच सांगितलेले बरे.

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या एका कारागिराने मला शिंगाची मूठ बसवली. पुढे माझी उमेदीची सारी वर्षे थ्वेट बाईंच्या टेबलावर गेली. प्राचीन ग्रीक व्याकरण हा बाईंचा ध्यास. ग्रीक अक्षरांच्या डोक्यावरची चिमुकली चिन्हे त्यांना माझ्याशिवाय दिसत नसत. "तू नसतंस तर माझं काय झालं असतं?" असे त्या मला म्हणत.

मग बाई निवृत्त झाल्या आणि दर गुरुवारी चर्चच्या सभागृहात परदेशातून आलेल्यांना इंग्रजी शिकवू लागल्या. त्या लिहीत होत्या ते ग्रीक व्याकरणाचे पुस्तक अर्धवट राहिले. माझ्यावर धूळ बसली. घरी आल्या की बाईंच्या तोंडी एकच, आज सेलामने अख्खे वाक्य लिहिले! ही सेलाम इरिट्रियाहून आलेली, बेकरीत कामाला. तिचे नाव ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होई.

एका गुरुवारी बाईंनी मला पिशवीत घातले. वाटले, आली आठवण! पण कसले काय. वर्गात क्लिफ नावाचा म्हातारा माळी होता, तिथलाच, इंग्रजीतच वाढलेला. तो खुर्च्या मांडी, चहा करी. सेलामला काही वाचून दाखवा म्हटले, की दर वेळी म्हणे, "चष्मा विसरलो."

"आज भिंगच आणलंय. आता सुटका नाही!" बाई म्हणाल्या. सगळे हसले.

क्लिफने मला कागदावर धरले. वर केले, खाली केले, पण वाचन काही सुरू होईना. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मोडू दे हा वर्ग एकदाचा!

"अक्षरं मोठी झाली, बाई. पण वाचता येत नाहीत," तो म्हणाला. "डोळे चांगले आहेत माझे. शाळेत मला मागं बसवलं, ते कायमचंच."

बाईंनी मला परत पिशवीत ठेवले. सेलामने शेजारची खुर्ची ओढली. "या क्लिफ, बसा इथं. मलाही कुठं येत होतं? पण चहा तुम्हीच करायचा हं!"

वसंत आला. क्लिफने जॅमची एक बरणी आणली. त्याच्या बायकोने, डोरीनने, वारण्यापूर्वी भरलेल्या बरण्यांतली ही शेवटची. झाकणावर तिचे अक्षर होते. बाईंनी मला पुढे केले.

"राहू दे ते," क्लिफ म्हणाला, आणि नुसत्या डोळ्यांनी, एकेक अक्षर लावत वाचू लागला. "क्लिफ... सगळं... एकदम... संपवू नकोस."

तो हसला, मग रडला. "आणि मी बाकीच्या सगळ्या फस्त केल्या की गं, डोरीन!"

मी टेबलावर पालथे पडून त्याच्या डोळ्यांवर जळत होते.

मित्रांनो, कुणी सारखे चष्मा विसरलो म्हणाले, तर त्याच्या हाती भिंग देऊ नका. शेजारची खुर्ची द्या. आणि थ्वेट बाई भेटल्याच, तर सांगा, ग्रीक पुस्तक अजून अर्धेच आहे. मी वाट पाहते आहे.