बोलणारा हात

"तेवडा पंखा बंद करा की, सायेब," केसरबाई म्हणाल्या.

डॉ. धर्मपाल सरवदे यांनी खिडकीकडे पाहिले. एप्रिलची दुपार होती; बाहेर बेचाळीस अंश. "मावशी, पंख्याशिवाय बसवेल का इथं?"

"मग पदर घेते हातावर."

त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला, पण पदर हाताला टेकू दिला नाही. डाव्या हाताने तो वरच्या वर धरून ठेवला. दोन वर्षांपूर्वी मोडनिंबच्या मळ्यात कडबा कुट्टीच्या मशिनमध्ये त्यांच्या मनगटातली नस तुटली होती. जखम उत्तम भरली होती.

नऊ वर्षे रुग्णांचे फॉर्म भरणाऱ्या समराने ठरलेला प्रश्न वाचला. "हात दुखतो का?"

"न्हाय."

समराने 'नाही'वर खूण केली.

हे उत्तर सरवदे यांच्या तेवीस वर्षांच्या कामाचे फलित होते. तुटलेली नस आणि तिच्यातून उद्भवणारी वेदना, एवढाच त्यांचा विषय. सहाशे चौदा रुग्ण. निष्कर्ष असा की, अठरा महिन्यांत दहापैकी आठ जणांची वेदना संपते. म्हणून त्यांच्या विभागात नसेच्या वेदनेवरची गोळी अठराव्या महिन्यात बंद होत असे. हाच नियम सर्व जिल्हा रुग्णालयांना लावण्याच्या शिफारशीवर त्यांना आज चारपर्यंत सही करायची होती. शिफारशीचा कागद टेबलावर होता. उडू नये म्हणून त्यावर पेपरवेट ठेवला होता.

"दुखत नाही, तर पंखा का नको?" त्यांनी विचारले. हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.

"दुखत न्हाय ओ. बोलतोय."

समराचे पेन थांबले.

"बोलतो म्हणजे?"

"आग आग हुती. मदीच करंट मारल्यावानी. वारं लागलं तरी जीव जातोय."

"मग हे दुखणंच की, मावशी!"

केसरबाई हसल्या. "एवडं शिकलाय तुमी, आन् एवडं कळंना? जखम हुती तवर दुखत हुतं. जखम भरली, आता दुखंल कशानं? आता नुसता बोलतोय."

सरवदे यांची आई सूतगिरणीतून घरी येई तेव्हा हेच म्हणे: हात लई बोलायला लागलाय रं. प्रश्नावलीच्या पहिल्या मसुद्यात हा शब्द होता. त्यांनी स्वतः तो खोडून समासात शेरा लिहिला होता: 'बोलीतील, संदिग्ध.'

"बरेच जण असंच म्हणतात, सर," समरा हळू आवाजात म्हणाली. "आधी मी कोपऱ्यात लिहून ठेवायचे. तुम्हीच म्हणालात, प्रश्नाबाहेरचं लिहायचं नाही."

"मग मला सांगायचं तरी."

"सांगितलं होतं, सर. दोनदा."

ते केसरबाईंकडे वळले. "गोळी बंद झाल्यापासून कसं आहे?"

"गोळी बंद म्हंजी बरं झालं म्हनायचं. शांतम्मा बी असंच म्हनायची."

शांतम्मा अक्कलकोटकडची, त्याच मळ्यावर कामाला, त्याच मशिनने जखमी झालेली. तीही सरवदे यांचीच रुग्ण होती, क्रमांक तीनशे अठ्ठ्याऐंशी.

"तिचा तर लई बोलायचा. गोळ्या थांबल्यावर आनिकच."

"आणि आता?"

"आता गप हाय." केसरबाईंनी फरशीकडे पाहिले. "परत कुट्टीत घातला की तिनं. कोपरापतुर. लोक म्हनत्यात, चुकून गेला. पर मशिन बंद हुती, सायेब. तिनंच चालू केली."

तीनशे अठ्ठ्याऐंशीची शेवटची नोंद सरवदे यांना आठवत होती. वेदना: नाही. त्यानंतर ती आली नव्हती. त्यांनी तिला बऱ्या झालेल्यांत धरले होते.

एका रुग्णाचे सांगणे हा पुरावा नव्हे, असे ते विद्यार्थ्यांना शिकवत आले होते. ते उठले आणि व्हरांड्यात गेले. तिथेही पंखा फिरत होता, आणि बाकांवर जखमा भरलेले अकरा जण बसले होते. सकाळीच अकराही फॉर्मवर 'नाही'ची खूण झाली होती. शेजारी त्यांचे सात नातेवाईक होते. आपला प्रश्न उत्तर सुचवणारा आहे, हे सरवदे यांना कळत होते. तरीही त्यांनी तो विचारला, चाळीस वर्षांत तोंडात न आलेल्या मराठीत.

"हात बोलतोय का कुणाचा?"

मग एक हात वर गेला. मग दुसरा. सरवदे यांनी मोजले: नऊ. पुन्हा मोजले. नातेवाइकांपैकी एकानेही हात वर केला नव्हता. आणि वर गेलेला प्रत्येक हात धडधाकट होता. दुसरा मांडीवर होता, पदराखाली किंवा टॉवेलखाली.

आत फोन वाजू लागला.

"सर," समरा दारात येऊन म्हणाली, "सहीसाठी फोन आहे. चार वाजले."

"आधी इथला पंखा बंद कर," ते म्हणाले.

पाती मंदावली, थांबली. फोन वाजतच होता. बाकांवरचा एकेक पदर, एकेक टॉवेल हळूहळू बाजूला झाला.