खारीचा तुटका कान

मी एक नंबरचा लबाड माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कुंदाताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नव्व्याण्णव साली बाबांनी घरी जुना कॉम्प्युटर आणला तेव्हा मी कॉलेजात होतो. त्याच्या पडद्यावर पळणारी खार आम्ही दोघांनी बनवली. माऊसच्या बाणामागे धावायची, दमली की खालच्या कोपऱ्यात झोपायची. दोघांनी म्हणजे काय, तर ताईनं ग्राफच्या वहीत चौकोन भरभरून अठ्ठेचाळीस चित्रं काढली आणि मी ती आकडे करून कॉम्प्युटरात टाइप केली. कॉलेजच्या प्रदर्शनात नाव लागलं फक्त माझं. पहिलं बक्षीस आणि त्याच्या जोरावर नोकरी. ताई समोर उभी राहून टाळ्या वाजवत होती, तरी माझ्या मेल्याच्या तोंडून तिचं नाव निघालं नाही.

यंदा हुक्की आली आणि तीच खार मी रस्ट नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत नव्यानं लिहिली. जुन्या फ्लॉपीवरून डावीकडे पळणारी चित्रं तेवढी वाचता आली. मग उजवीकडे पळताना तीच आरशासारखी फिरवून दिली, सगळेच तसं करतात. खाली ‘निर्माता : श्रीपाद’ लिहून नेटवर टाकली. चार दिवसांत हजारोंनी डाऊनलोड केली आणि आपण टम्म फुगलो.

रविवारी सकाळी शहपुऱ्याहून, तिच्या सासरहून, ताईचा फोन आला.

“काहून रे श्रीपाद, खार कुठेही पळो, कान तुटकाच दिसून राहिला! लहानपणी ग्वारीघाटावर आपण पाहायचो, त्या खारीचा डावाच कान तुटला होता न. म्हणून तर मी दोन्ही बाजू वेगळ्या काढल्या होत्या.”

पंचवीस वर्षांत तो कान मी एकदाही धड पाहिला नव्हता. लाज वाटली, खरंच.

“अच्छा, करतो नीट. जयाला आवडली?” जया म्हणजे तिची पोरगी, नववीत आहे.

ताई म्हणाली, “मी तिला म्हटलं होतं, ही तुझ्या आईनं काढली. शाळेत साऱ्यांना सांगून आली. मग मैत्रिणींनी तुझं नाव दाखवलं. रडत घरी आली, म्हणे, आई, तू खोटं काहून बोलली?”

“मग?”

“मग काय, म्हटलं गंमत केली बेटा, मामाचीच आहे. तुझं नाव कशाला खराब करू? चलो, तू कान तेवढा बघ.”

भावाची अब्रू झाकायला बाई पोटच्या पोरीसमोर खोटारडी ठरली, आणि मी इकडे लाइक मोजत बसलो होतो. थू माझ्या जिंदगीवर!

“ताई, जयाला फोन दे.”

“राहू दे न रे.”

“दे म्हणतो ना!”

जया आली. मी म्हटलं, “बेटा, आई खरं बोलली होती. खार तिचीच. चोर मी आहे.”

ती मग हळूच म्हणाली, “मामा, आईनंच सांगितलं न तुम्हाला असं बोलायला?”

मी शपथा घेतल्या. त्याच दिवशी माझं नाव काढून ताईचं टाकलं. काही उपयोग झाला नाही. जया आता शाळेत सांगत फिरते, माझा मामा लई मोठ्या मनाचा, आईची इज्जत राखायला स्वतःचं नाव पुसून टाकलं त्यानं.