उजवीकडची पट्टी

तीस वर्षं पुस्तकं बांधून तिच्या हातांची विचारायची सवय सुटली होती. वडिलांच्या कपाटात सापडलेले हिब्रू हस्ताक्षरातले सुटे कागद तिने ठोकून सारखे केले, डाव्या कडेने शिवले आणि उजवीकडची चिरलेली, पिवळी कड बोटभर कापून टाकली. पात्याखाली शाई दिसली होती. ओळींची शेपटं असतील, असं म्हणत तिने कटरचा दांडा खाली ओढला.

लहानपणी वडील ही भाषा शिकवायला बसत, तेव्हा ताई मांडी ठोकून वाचायची. ही पाचव्या अक्षरावर उठली. उलटं लिहिणाऱ्यांची शाळा आपल्याला नको, म्हणाली. वडील हसले. पुन्हा त्यांनी कधी बोलावलं नाही.

आता वडील नव्हते, ताईही नव्हती. वाचू शकणारी एकटी आत्या उरली होती. निळ्या कापडात बांधलेली वही तिच्यापुढे ठेवताना वाटलं, उशिरा का होईना, बाबांचं काहीतरी आपल्या हातून धड झालं.

आत्याने वही उघडायला सवयीने डाव्या कडेला बोट लावलं. तिथे शिवण होती.

"जन्मभर उलटं उलटं म्हणत आलीस," ती म्हणाली, "आणि शेवटी उलटं केलंस ते तूच."

दोघी हसल्या. मग आत्याने भिंग धरलं आणि उजवीकडच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. ही भाषा उजवीकडून सुरू होते हे हिला लहानपणापासून ठाऊक होतं, हातांना नव्हतं. कापलं गेलं होतं ते प्रत्येक ओळीचं तोंड.

उरलेल्याचा अर्थ लावत आत्याने सांगितलं, की ही पत्रं आहेत, कधीच न दिलेली, वडिलांनी आपल्या मुलीला लिहिलेली. खिडकीत बसायचीस ते आठवतं, असं एकात होतं. लहानपणी ताई आणि ही, दोघीही त्याच खिडकीत बसत.

"कोणत्या मुलीला?"

"नाव उजव्या कोपऱ्यात असतं गं." आत्याने भिंग खाली ठेवलं. "तुलाच असणार, पोरी."

असणार. कात्रणांचं पोतं रद्दीवाला सोमवारीच घेऊन गेला होता. ताई रोज समोर बसायची, तिला पत्रं कशाला लिहावीत? आणि हिला लिहावीत, तर हिला वाचता कुठे येत होतं?

तिने आत्याला पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं. प्रत्येक 'तू'ला ती मनातल्या मनात ओ देत राहिली, आणि दर वेळी वाटत राहिलं, आपण ताईला मारलेल्या हाकेला उत्तर देतो आहोत.