चाळणीचं कडं

“बाबा, हे झाकण काहून बसून नाही राहिलं?” प्रियंका कॉम्प्युटरच्या पेटीवर गुडघा दाबून विचारत होती.

“गुडघा काढ आधी,” हे म्हणाले. “पत्रा आहे तो, म्हैस नाही.”

पेटी पोळ्यांच्या डब्यापेक्षा जराशीच मोठी. पुण्याच्या होस्टेलात एकच फळी मिळणार, आणि गाडीत मांडीवर घेऊन जाता यावी, म्हणून पोरीने मुद्दाम एवढीशी घेतली. नोकरी मात्र अजून मिळायची होती. आज चारच्या आत एका घराचा नकाशा काढून पाठवायचा, त्यावर सगळं ठरणार. जुना लॅपटॉप नकाशा उघडतानाच मान टाकायचा.

सगळे भाग आत बसले होते, पण वायरी फुगून वर येत होत्या. त्या बांधायच्या पट्ट्या आणायला ती कमानिया गेटच्या बाजारात गेली, तसे हे पुढे सरकले.

रिछाईच्या कारखान्यात यांनी एकतीस वर्षं विजेचे पॅनल जोडले. रिटायर झाल्यापासून हातांना काम नव्हतं. मेणाचा दोरा काढून यांनी एकेक वायर वेणीसारखी गुंफली, कडेला निजवली. झाकण टक्‌ करून बसलं. मग पेटीच्या जाळीकडे पाहून कपाळाला आठी.

“एवढी भोकं? पाल शिरली का खलास!”

पालीने जळालेलं पॅनल यांनी दोनदा पाहिलं होतं. यांनी झाकण पुन्हा काढलं आणि आतून काळं रबर चिकटवून एकूण एक भोक बुजवलं. कात्री मीच दिली. कौतुकही केलं.

प्रियंका आली आणि बंद झाकण पाहून तिने उडीच मारली. “वा बाबा, एक नंबर!”

अडीच वाजता, नकाशा अर्ध्यावर असताना, पडदा काळा झाला. पुन्हा चालू केला, पुन्हा काळा. तिने पेटीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. झाकण उघडलं, तर रबर.

“बाबा, हे काय करून ठेवलं? हवा कुठून घेईल तो?”

“पाल…”

“छिपकली नहीं घुसती इसमें! इथं माझी नोकरी जाऊन राहिली!”

एकतीस वर्षांत यांच्या जोडणीत कुणी चूक काढली नव्हती.

“कात्री मी दिली,” मी म्हटलं. “मलाही ओरड थोडं.” कुणी हसलं नाही.

हे खाली बसले. नखांनी रबर सोलून काढलं. मग स्वयंपाकघरातून माझी पिठाची चाळणी घेऊन आले.

“ममता, ही जुनीच आहे ना?”

“का हो?”

तोवर पत्र्याची कात्री चालली होती. चाळणीची जाळी पेटीच्या भोकांवर आतून बसली. हवा आत, पाल बाहेर.

प्रियंकाने हात लावून पाहिला. पेटी कोमट होती. “चलेगा,” ती म्हणाली आणि मान खाली घालून कामाला लागली. चारला नऊ मिनिटं कमी असताना नकाशा गेला.

पंधरा दिवसांनी ती पुण्याच्या गाडीत बसली. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली पेटी.

“बाबा, पाल आली तर फोन करीन.”

“कर,” हे म्हणाले. “दोरा तेवढा कापू नको.”

तेव्हापासून आम्ही कोंड्यासकट पोळ्या खातो. नवी चाळणी आणा म्हटलं की हे “आणू” म्हणतात. जुनीचं रिकामं कडं तिच्या खिळ्यावर तसंच आहे. हे ते रोज पुसतात.