चाकामागचा दगड

सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती. सीताबर्डीच्या उड्डाणपुलावर, ऐन चढावर, माझ्या पोटात कडकन काहीतरी वाजलं आणि माझा जोरच गेला. इंजिन ओरडत होतं, चाकं मात्र जागची हलेनात. मागे शहर बस. माझ्या मागच्या सीटवर अडीच वर्षांची चिन्मयी.

मी एक गाडी बोलतेय. काळी, उंच, लोक वळून बघतात तसली महागडी. बोलतेय कसली, ओरडतेच आहे! सरळ सांगून कुणी ऐकलं नाही म्हणून.

त्या दिवशी चिन्मयीची आई दामिनी मला चालवत होती. तिनं एक्सलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मागचा एक जण काच खाली करून ओरडला, "वहिनी, गाडी घेतली तशी चालवणं बी शिकून घ्या!" दोन मिनिटांनी मला हिसका बसला आणि मी निघाले. घरापर्यंत दामिनीनं मला रस्त्याच्या कडेनं हळूहळू आणलं. दोष तिचा नव्हता. दोष माझ्या गिअरबॉक्सात होता, तो मी कारखान्यातूनच घेऊन आले होते.

पाडव्याला तिचा नवरा धर्मेंद्र मला शोरूममधून थेट कुहीला, गावच्या घरी घेऊन गेला होता. त्याच्या आईनं, प्रयागबाईंनी, बोनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. धर्मेंद्र सगळ्यांना सांगत होता, "पी वर, म्हंजे पार्किंगवर, टाकली का झालं. ब्रेक आपोआप लागते." त्याचा मित्र सुशील माझ्याभोवती तीनदा फिरला. "दसऱ्याले मी बी हेच घेतो गा."

पुलावरची गोष्ट ऐकून प्रयागबाई म्हणाल्या, "नजर लागली वं. सारं गाव पाहून राहिलं होतं." त्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या, लिंबू-मिरची बांधली. त्यांचा मला राग नाही. त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी केलं. राग आहे तो ज्यांना सगळं माहीत होतं त्यांचा.

सर्व्हिस सेंटरात साहिल नावाच्या माणसानं मला वायर जोडली. माझा बिघाड माझ्याच पोटात नोंदलेला होता, तारीख-वेळेसकट. त्यानं तो वाचला. आणि एक बटन दाबून पुसून टाकला! मग बाहेर येऊन हसत म्हणाला, "सर, गाडी एकदम ओके. मॅडमचा पाय हलका पडत असेल." कागदावर लिहिलं, दोष आढळला नाही, ग्राहकाचं समाधान झालं. धर्मेंद्रनं न वाचता सही ठोकली.

घरी दामिनीला म्हणाला, "कुहीत कोणाले सांगू नको. हसतील लोक."

"अन् पोरीले काही झालं तर? तवाही हसतील का?"

त्या दिवसापासून दामिनी डिकीत एक दगड ठेवू लागली. मला उभी केली की चाकामागे दगड. तिच्या माहेरी बैलांच्या बंडीला लावत तसा. धर्मेंद्र चिडायचा, "अवं, बैलबंडी आहे का हे?"

"बंडी बरी. ते दगा नाही देत."

मग आला तान्हा पोळा, लेकरांनी लाकडी बैल मिरवायचा सण. कुहीच्या घराचं अंगण उताराचं. मी वर उभी, पी वर, ब्रेकचा लाल दिवा लागलेला. पी आणि दिवा, दोघंही खोटं बोलत होते. खाली, माझ्या अगदी मागे, चिन्मयी नवा फ्रॉक घालून आपला लाकडी नंदी दोरीनं ओढत होती. आणि मी मागे सरकले.

तेव्हा मला ओरडता आलं नाही हो. हॉर्न आहे, पण दाबायला माणूस लागतो. मागे लेकरू, आणि माझं एवढं लोखंडाचं धूड त्याच्याकडे निघालेलं! चाक दगडावर आदळलं. दगड वीतभर घसरला, मातीत रुतला. मी थांबले. नंदी माझ्या दुसऱ्या चाकाखाली मोडून पडला होता. दोरीचं दुसरं टोक चिन्मयीच्या हातात होतं.

दामिनीनं तिला उचललं आणि छातीशी इतकं आवळलं की पोर रडायला लागली. सुशील धावत आला. "काय झालं गा?"

"काही नाही," धर्मेंद्र पुटपुटला, "मीच ब्रेक विसरलो."

"खोटं काहून बोलता?" दामिनी कडाडली. "सुशीलभाऊ, ब्रेक लागलेलाच आहे, पाहून घ्या. तुमच्या घरी बी लेकरं आहेत. हे गाडी घेऊ नका." धर्मेंद्रची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः साहिलसमोर बसली. "मी सांगते तसं लिहा."

"मॅडम, ते टेक्निकल भाषेत लिहावं लागतं. तुम्ही कितवी शिकल्या?"

"सातवी. गाडी पी वर असताना लेकराच्या अंगावर आली, एवढं लिहाले सातवी पुरते."

लिहून, शिक्का मारून, नक्कल हातात पडेपर्यंत ती उठली नाही.

आता मी सर्व्हिस सेंटरच्या मागच्या पत्र्याखाली धूळ खात उभी आहे. दामिनीला रोज फोनवर सांगतात, पार्ट येऊन राहिला. मला उघडा, कापा, भंगारात घाला, पण पुन्हा ओके म्हणून कुणाच्या दारात सोडू नका.

तुमच्या ओळखीत कुणाकडे हिसके देणारी, चढावर जोर सोडणारी गाडी असेल तर आजच सांगा. नजर म्हणून सोडू नका, लाज म्हणून लपवू नका, न वाचता सही करू नका. आणि ती दुरुस्त होईपर्यंत चाकामागे दगड लावा. हसणाऱ्यांना चिन्मयीच्या मोडक्या नंदीची गोष्ट सांगा, आणि म्हणा, पुढे आणखी चार घरी सांगा.