हवा भरल्यावर मी मावले नाही

मी स्टेपनी. गाडी धावते तेव्हा मी नुसती लटकलेली असते. गाडी अडली तरच माझं नाव निघतं. आयुष्य सांगावं इतकं मी केलंय तरी काय, हा प्रश्न मलाही पडतो. तरी सांगते.

कारखान्यातून मी एका दुकानात आले आणि आठ टायरांच्या चळतीत सगळ्यात खाली पडले. तिथेच ती मला भेटली. आठ महिन्यांची लेक कडेवर, हातात शिवणाची टेप. तिच्या आणि नवऱ्याच्या मालकीची एक जुनी व्हॅन होती. आत झोपायला फळी, छोटा ओटा, असं फिरतं घर. आधीच्या मालकाने खराब रस्त्यांसाठी चारही चाकं मोठी करून घेतली होती. स्टेपनी मात्र जुनी, लहानच राहिली होती.

तिची आई दोन दिवसांच्या वाटेवर राहायची. तिने नातीला अजून पाहिलं नव्हतं. जायचं ठरायचं आणि लांबणीवर पडायचं. कधी बाळाला सर्दी, कधी बाळाचा दात. आता शेवटचं कारण उरलं होतं, ती लहान स्टेपनी. समजा, आडरस्त्याला चाक पंक्चर झालं, ते लहान चाक लावावं लागलं, गाडी लंगडायला लागली आणि मागे बाळ... यापुढचं ती बोलत नसे. नवरा शांत माणूस. म्हणाला, मग मोठी घेऊ.

तिने मला तीनदा मोजलं, वहीत लिहून घेतलं. गाडीच्या पोटाखाली स्टेपनीची जागा असते, तिथे मी अगदी बरोबर बसणार होते. फक्त माझी जाडी तिने मोजली तेव्हा माझ्या अंगावर सात टायर बसलेले होते.

गॅरेजात मला रिमवर चढवून हवा भरली आणि मी अशी काही फुगले, की माझी मलाच लाज वाटली. मेकॅनिक काकांनी गाडीखाली आडवं होऊन मला वर ढकलून पाहिलं. दोन बोटं बाहेरच.

"ताई, टेप बरोबर आहे," ते म्हणाले, "टायर तेव्हा उपाशी होता."

ती हसली नाही. पण तिला थोडं हायसंही वाटलं असावं. न जायचं कारण शाबूत राहिलं होतं.

काकांनी मला मागच्या दारावर घ्यायचं ठरवलं. दार जुनं, म्हणून आतून लोखंडी पट्टी, जाड बिजागऱ्या आणि मग माझा स्टँड. ती रोज येऊन विचारायची, दार निखळलं तर? खड्ड्यात आदळलं तर? तिसऱ्या दिवशी काका कंटाळले आणि मला धरून स्वतःच लटकले. चांगले वजनदार गृहस्थ. दार हललं नाही.

"तुमचं काय, तुम्हाला सवय आहे," ती म्हणाली.

"मग तुम्ही लटका."

तिने बाळ नवऱ्याकडे दिलं, चपला काढल्या आणि खरंच लटकली. पाय वर घेतले. डोळे घट्ट मिटलेले. मी जीव मुठीत धरून होते. माझाही माझ्यावर कुठे फार विश्वास होता? काहीच झालं नाही. ती मात्र उतरेना.

नवरा म्हणाला, "उतरतेस, की आम्ही दोघंच जाऊन येऊ आजीकडे?"

"सकाळी निघू," ती लटकल्या लटकल्याच म्हणाली.

वाटेत प्रत्येक थांब्यावर तिने मला अंगठ्याने दाबून पाहिलं. एकही चाक पंक्चर झालं नाही. आजीने नातीला छातीशी धरलं, डोळे पुसले, आणि मग विचारलंच, "इतके महिने का गं लावलेस?"

तिने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्यामुळे. मावतच नव्हती."

आळ माझ्यावर, असू दे. एवढा भार मला सहज पेलतो.

सध्या आजीच्या अंगणात, उन्हाला पाठ देऊन आहे. आतून तिघींचं हसणं ऐकू येतं. बरं चाललंय. तुमच्या गाडीतही माझ्यासारखी कुणी असेलच. महिन्यातून एकदा तिची हवा बघा, आणि मग तिला खुशाल विसरून निघा.